सतरा नंबरची खुर्ची

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत
माझी खुर्ची अठरा नंबरची.
महिना नऊशे, पंखा धरून.
भिंतीवरचा तो पंखा सतरा नंबरकडे मान करून अडकलाय,
माझ्यापर्यंत पोचतो तो त्याचा नुसता आवाज.

एम-थ्री परवा.
दोनदा राहिलेला विषय,
आता घरातल्या तापट माणसासारखा ओळखीचा :
कधी भडकेल ते कळतं,
का ते नाही.

दुपारी स्वारगेटला जाऊन डबा उतरवून घेतला.
करमाळा गाडीचे कंडक्टर आता नावाने ओळखतात.
"पेपर कधी गं, स्नेहांकिता?"
मी म्हणाले, "झाले."
का म्हणाले कुणास ठाऊक.
दोरीनं बांधलेला डबा मांडीवर घेऊन
पीएमटीत बसले, तिकीट काढायचंही विसरले.

डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी,
आणि वर्तमानपत्राच्या पुडीत
निवडून, भाजून पाठवलेली बडीशेप.
जागरणानं पित्त होतं, आई म्हणाली.
जागरण तिला माहीत आहे.
पुस्तक मिटल्यावरही झोप येत नाही, ते नाही.
मग अण्णांनी फोन घेतला :
"पाणी येतं का तिथं?"
"येतं."
"मग ठीक."
आमच्याकडे सगळ्या काळज्यांना मिळून
हा एकच प्रश्न आहे.

रात्री साडेअकराला पान उलटलं
आणि लाप्लासचं ते वेटोळं चिन्ह
मला ळ वाटायला लागलं.
ज्याच्यापासून एकही शब्द सुरू होत नाही
तो ळ.
पानभर ळ.
मग माझा सीट नंबर आठवेना.
तळहात ओले, कानात मिक्सर,
छातीवर कुणी भरलेला सिलेंडर आणून ठेवलेला.
उठले नाही. उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं.
अभ्यासिकेत रडायचं तर
पान न उलटता रडावं लागतं.

सतरा नंबरवर गहिनीनाथ सानप.
वय एकतीस, तालुका पाटोदा,
राज्यसेवेचे पाच प्रयत्न, एकदा मुलाखतीपर्यंत.
दीड वर्षात आमचं बोलणं तीनदा,
त्यातलं दोनदा चार्जरबद्दल.
तो उभा राहिला,
दोन्ही हातांनी पंख्याची मान धरली
आणि कट्ट् आवाज करून
माझ्याकडे वळवली.
माझ्या नोट्स चार खुर्च्यांपर्यंत उडाल्या.
कुणीतरी "श्श्" केलं.

खाली गल्लीच्या तोंडाशी
सायकलला थर्मास बांधलेला चहावाला.
"किती वेळाचा असतो तुमचा पेपर?"
"अडीच तास."
"मग त्याला अडीच तासच द्या."
बराच वेळ कपात फुंकर घालत राहिला.
"मी पाच वर्षं दिली.
पण माझं ऐकू नका हां, मी नापास माणूस."
आणि हसला, खरोखर हसला,
समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं उठून बसलं.
चहाचे पैसे ज्याचे त्याने दिले.
मी पुडी पुढे केली. चिमूटभर घेतली त्याने,
बाकीची घडी घालून परत दिली.
"परवापर्यंत पुरवा."

खोलीवर येऊन एक वाजता धपाटे खाल्ले,
उभ्यानेच, दिवा न लावता.
तेजलची झोप मोडायची नव्हती,
तिचा पेपर उद्याच.
ती अंधारातून म्हणाली, "मला पण दे."
ती पण जागीच होती म्हणजे.
किती रात्री आम्ही दोघी
एकमेकींसाठी झोपेचं सोंग घेतलं असेल?
चटणी संपवली. साडेसहापर्यंत झोपले.

सकाळी अभ्यासिकेत आले
तर पंखा अजून माझ्याकडेच,
आणि सतरा नंबर घामाने निथळत
पंचायतराज वाचतोय.
मी पंखा मधोमध केला.
मधोमध भिंतीचा खांब आहे,
वारा आता दोघांनाही धड लागत नाही.

सीट नंबर आठवलाय.
लाप्लासचं बघू.